चौदा नंबरचा लाल

“हिरवं दिसलं की कापायचं. एवढं एकच काम तुमच्यावर टाकून चाललेय,” पिशवीची चेन ओढत काकू म्हणाल्या. “सांगा बघू, काय करायचं?”

“हिरवं दिसलं की कापायचं,” नंबरकाका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. तो आपल्या जाण्याने उतरला असावा असं काकूंना वाटलं आणि त्यांना जरा बरंही वाटलं.

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद अशी त्यांची बाग होती. तीत कपडे वाळत घालायची दोरी, एक गळका नळ आणि कोपऱ्यात एक बुटकं जपानी मेपल. झाड सात वर्षांचं, कमरेएवढं आणि लाल पानांचं. काकूंच्या थोरल्या भावाने, दादाने, ते स्वतःच्या हाताने कलम करून दिलं होतं. दादा जन्मभर एका रोपवाटिकेत कलमं बांधत आला आणि गेल्या पानगळीत गेला. त्याच्या हातचं म्हणावं असं काकूंकडे हे एवढंच उरलं होतं. रोज सकाळी त्या चहाचा कप घेऊन झाडासमोर उभ्या राहत, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

आता दादाची बायको जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडून बसली होती. तिला दुसरं कोणी नव्हतं. दहा आठवडे तरी काकूंना वहिनीकडे राहणं भाग होतं, आणि झाडाला नेमकी पालवी फुटायच्या बेतात होती.

“कलमाचं झाड आहे,” काकू चपला घालता घालता सांगत होत्या. “मधूनच रानटी हिरवा फुटवा येतो आणि लाल पानांच्या तोंडचा घास पळवतो. तो ठेवला तर एका मोसमात झाड हातचं जाईल.”

“कुठून येतो तो फुटवा?”

“कुठून का येईना! लालात हिरवं लपतंय होय? आंधळ्यालासुद्धा दिसेल.”

आंधळ्यांचं माहीत नाही, पण नंबरकाकांना दिसणार नव्हतं. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांना जन्मापासून सारखेच दिसत. दोन्ही मातकट, एखादा जरा गडद, एखादा जरा उजळ. आणि ही गोष्ट जगात नंबरकाकांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती, कारण नंबरकाका रंगाच्या दुकानात नोकरीला होते.

दुकानात लागले तेव्हा मालकाने एकच विचारलं होतं, “नजर पक्की आहे ना?” पोटाचा प्रश्न होता, म्हणून ते “हो” म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी सगळं शेडकार्ड पाठ केलं. चौदा म्हणजे लाल, बहात्तर म्हणजे पानाचा हिरवा, एकशे तीन म्हणजे विटकरी. कोणी गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन आलं आणि म्हणालं, “अगदी असाच द्या,” तर काका तो पोपडा आणि कार्ड त्याच्याच हातात देत आणि गंभीरपणे म्हणत, “मी सांगून काय उपयोग? घर तुमचं आहे. तुमच्या मनाला पटेल तो नंबर सांगा.” गिऱ्हाईक खूश होई. अशी अदब दुसऱ्या दुकानात नाही, असं लोक म्हणत. तोंडातून रंगाचं नाव कधी निघायचं नाही, निघायचा तो नंबर, म्हणून त्यांचं नाव नंबरकाका पडलं. तीस वर्षांत एकही डबा चुकला नव्हता.

बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं. सुरुवातीला भीती वाटली, मग लाज वाटली, आणि पुढे इतका उशीर झाला की खरं सांगणं हेच मोठं खोटं वाटू लागलं. त्यातून काकूंचा सगळा जीव लाल रंगात. पडदे लाल, सोफ्याचं कापड लाल, बाहेरचं फाटक लाल, स्वतःच्या अंगावर कायम काहीतरी लाल. आपल्याला आपल्या बायकोची आवडच दिसत नाही, याचं नंबरकाकांना मनातून फार वाईट वाटे. काही नवं आणलं की ते “छान आहे” म्हणत आणि विषय बदलत.

काकू गेल्या. दोन आठवड्यांत झाड फुटलं.

नंबरकाका कात्री घेऊन त्याच्यासमोर उकिडवे बसले. वरच्या फांद्यांवर बारीक बारीक, मळकट, अंग चोरून बसलेली पानं आली होती. खाली मातीलगत मात्र दोन सरळ काड्या निघाल्या होत्या, तजेलदार, चकचकीत, नजरेत भरणाऱ्या. काकांनी अर्धा तास डोकं चालवलं. लोक म्हणतात लालभडक. लालबुंद. गाड्या थांबवायला लाल दिवा लावतात, का, तर तो डोळ्यांत घुसतो म्हणून. म्हणजे जे डोळ्यांत घुसतंय ते लाल. आणि जे गप्प बसलंय ते हिरवं. यात चूक काढायला जागा नव्हती. त्यांनी हात जोडले आणि वरची पानं खुडायला सुरुवात केली.

रविवारी संध्याकाळी काकूंचा वहिनीच्या घरून फोन आला.

“फुटलं का?”

“फुटलं.”

“हिरवं आलंय?”

“आलं होतं. कापलं.”

“शाबास!” काकू म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला शाबास म्हटल्याचं काकांना आठवेना. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

कापलेल्या जागी पुन्हा पानं येत, काका पुन्हा कापत. एरवी दुकानातून आल्यावर रिकामं घर खायला उठे. आता निदान कात्री हातात धरता येई. नळाशेजारी कापलेल्या काड्यांचा ढीग साठत चालला. खालच्या काड्या वाढून गुडघ्याला लागल्या. काका त्यांना पाणी घालत, आणि कोणी ऐकत नाही असं बघून दोन शब्द बोलतही.

“लाल कसं आहे?” पुढच्या फोनवर काकूंनी विचारलं.

“जोरात आहे. दोन विती वाढलं.”

“दोन विती? अहो, वर्षाला चार बोटं वाढतं ते!”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “ह्या वर्षी हवा चांगली आहे,” ते म्हणाले.

“तुमच्या हाताला यश आहे म्हणायचं,” काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. “वहिनीला सांगते. तेवढंच तिला बरं वाटेल. आणि हिरवं?”

“त्याचाच त्रास आहे. कापलं की येतंय, कापलं की येतंय.”

“मग पानं कसली खुडत बसलाय! ज्या फांदीवर हिरवं येतं ती फांदीच बुंध्यापासून उडवा. अजिबात दया करू नका. दादा म्हणायचा, कलमावर प्रेम असेल तर कात्रीला लाजू नये.”

नंबरकाका लाजले नाहीत. बुधवारी एक फांदी गेली, शनिवारी दोन. प्रत्येक फोनवर काकू चौकशी करत, काका जमाखर्च सांगत, आणि काकू आणखी जोर देत. सातव्या आठवड्यात त्यांनी शेवटची फांदी कापली. दादाने सात वर्षांपूर्वी बांधलेल्या कलमाचं हातभर खोड तेवढं उरलं, वर काही नसलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंनी आता कमरेपर्यंत आलेल्या काड्या वाऱ्यावर मजेत डुलत होत्या. आपण एक काम तडीला नेलं, असं समाधान काकांना त्या संध्याकाळी वाटलं. माणसाचं समाधान कशावर उभं असतं ते त्याचं त्याला कळत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

ते समाधान चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून शेजारच्या हेडबाई डोकावल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण दुसऱ्याच्या वहीत चुका शोधायची सवय गेली नव्हती.

“काय हो, ह्या वर्षी तुमचं झाड लाल झालंच नाही?”

काकांच्या हातातली झारी थांबली. “झालंय की.”

“कुठे? मला तर सगळं हिरवंगार दिसतंय.”

“सावलीमुळे वाटतं तसं.”

“अहो, त्याच्यावर ऊन पडलंय.”

“मग उन्हामुळे वाटत असेल,” काका म्हणाले, आणि झारी तिथेच टाकून घरात गेले. घरात जाऊन ते आतल्या खोलीत पलंगावर बसले. हेडबाई चुकल्या असतील, असं त्यांनी तीनदा मनाशी म्हणून पाहिलं. पण हेडबाई चुकल्याचं त्या गल्लीत कोणाच्या आठवणीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते खिशात तीन पानं घालून दुकानात गेले. दोन झाडावरची, एक नळाशेजारच्या ढिगातलं. गर्दी ओसरल्यावर चष्मा हळूच ड्रॉवरमध्ये टाकून ते गल्ल्यावरच्या ताईकडे गेले.

“ताई, ही पानं जरा कार्डाशी जुळवून दे. चष्मा घरी राहिलाय.”

ताईने पहिलं पान कार्डावर सरकवत नेलं. “बहात्तर.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. हिरवा, बहात्तर. हे दुसरंही बहात्तर.” तिने तिसरं पान उचललं. ते हातात चुरगळलं. “हे वाळलंय, पण चौदा आहे. लाल. बिचारं काय सुंदर असेल ना ताजं असताना? कोणी तोडलं?”

काकांनी पानाचा चुरा गोळा करून खिशात टाकला.

“पण काका, तुम्ही मला काय विचारताय? अख्ख्या गावाला तुम्ही रंग जुळवून देता.”

“माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही गं,” काका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते खरं बोलले, आणि त्यावर कोणी लक्ष दिलं नाही.

त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि रोपवाटिका धुंडाळायला निघाले. पहिलीत मेपलच नव्हतं. दुसरीत होतं, पण घरावर जाईल एवढं उंच होणारं. तिसरी गावाबाहेर होती. तिथला नर्सरीवाला गुडघाभर चिखलात उभा राहून कुंड्या मोजत होता.

“बुटकं लाल? कलमाचं? पुढच्या वर्षी या.”

काकांनी पिशवीतून कापलेली काडी काढली. “हिचं कलम करता येईल?”

नर्सरीवाल्याने ती हातात घेतली आणि कटकन मोडली. आत कोरडंठाक. “कधी कापली?”

“तीन आठवडे झाले.”

“भर पालवीत? कोणी कापली?”

“आहे एक माणूस.”

“त्याला एकदा भेटायचंय मला,” नर्सरीवाला म्हणाला. काडीचे दोन्ही तुकडे टाकवेनात म्हणून तो ते हातात फिरवत राहिला. “ही जात नाजूक. हिचं कलम सगळ्यांना साधत नाही. आमच्यात एकच होता, त्याच्या हातचं एक वाया जायचं नाही. गेला तो मागच्या वर्षी.”

“माहीत आहे.”

“ओळखत होतात?”

“माझा मेहुणा.”

नर्सरीवाल्याने हात पुसले, आतून एक स्टूल आणून दिलं आणि स्वतः उलट्या कुंडीवर बसला. निघताना त्याने काकांना खताची एक पिशवी दिली आणि म्हणाला, “ते झाड तेवढं जपा, साहेब. त्याच्या हातचं आता दुसरं मिळायचं नाही.” काकांनी ती पिशवी दोन बसगाड्या बदलून मांडीवर घेऊन घरी आणली.

त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. वहिनीने घर विकायचं ठरवलं होतं. तिला आता जिना चढवणार नव्हता. दादाची कलमांची शेडही घराबरोबर जाणार होती.

“सगळं चाललं हो त्याचं,” काकू म्हणाल्या. “चाकू होता कलमाचा, तोसुद्धा कोणी नेला कळत नाही. माझं झाड तेवढं राहिलं. रविवारी दुपारच्या गाडीने येतेय मी. झाड कसंय?”

सांगायची वेळ हीच होती. काकांनी तोंड उघडलं.

“छान आहे,” ते म्हणाले.

आता शहाण्या माणसाने इथे तरी थांबावं. पण बुडत्याचा पाय खोलात. शनिवारी दिवसभर काकांना घास गेला नाही, आणि संध्याकाळी त्यांना एकदम सुचलं की आपण तीस वर्षं रंगाचा धंदा करतो. पाण्यात कालवायचा रंग, पातळ, बारीक कुंचला आणि धीर. पानं गळेपर्यंत चार-पाच महिने निभावले की पुढच्या वर्षी नवं कलम. सांगायचं तर तेव्हा सावकाश सांगू.

दुकान बंद व्हायला पाच मिनिटं असताना ते आत शिरले, तडक मशीनपाशी गेले आणि त्यांनी नंबर दाबला. एक, चार. मशीनने घरघर करून अर्धा लिटरचा डबा भरून दिला.

ते रजेवर असताना कंपनीने शेडकार्ड बदललं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. मशीनमधले नंबरही बदलले होते. ताईने सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, भिंतीवर कागदही लावला होता. पण काकांना कार्ड बघायची कधी गरज पडली नव्हती, आणि ताई तेव्हा गल्ला बंद करत होती. नव्या यादीत लाल एकशे चौदावर गेला होता. चौदा नंबरला आता दारं-खिडक्यांचा गडद हिरवा होता.

रविवारी पहाटे पाचला काकांनी दोरीवर मोठी चादर टाकून हेडबाईंची आणि दाराची बाजू बंद केली आणि स्टुलावर बसून कामाला लागले. मेपलच्या पानाला सात बोटं असतात, आणि प्रत्येक बोटाला करवतीसारखे दात. एका पानाला दोन मिनिटं लागत होती. आठपर्यंत काकांची पाठ मोडली, दहापर्यंत मान. साडेअकराला एक माशी ओल्या पानावर बसून तिथेच राहिली. एकला त्यांनी शेवटचं पान संपवलं, दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं. झाड आधीपेक्षा गडद झालं होतं. गडद म्हणजे लाल; मळकट पानं लाल होती हे आता त्यांना कळून चुकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण लाल रंग ओळखला, असं वाटून त्यांना भरून आलं.

दोन वाजता फाटक वाजलं. दहा आठवड्यांत काकू दहा वर्षांनी थकल्या होत्या. पिशवी दारातच ठेवून, पाणीही न पिता त्या थेट मागच्या दाराकडे निघाल्या. काका त्यांच्या पुढे धावले आणि त्यांनी चादर ओढली.

“बघ तुझं झाड! लालभडक!”

काकू जागच्या जागी थांबल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मधल्या बोडक्या खोडाकडे पाहिलं, नळाशेजारच्या वाळक्या ढिगाकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं. रंग बोटांना लागला.

“हा कुठला रंग?” त्यांनी विचारलं.

“चौदा नंबर.”

“नंबर नको. रंग सांगा.”

“लाल,” काका म्हणाले.

काकूंनी आपली बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. “आणि हे?”

“तेच. लाल.”

“माझ्या अंगावरचा स्वेटर?”

काकांनी स्वेटरकडे पाहिलं. ही वेळ कधीतरी येणार हे त्यांना लग्न झाल्यापासून, अठ्ठावीस वर्षं, माहीत होतं. “तुझं सगळं लालच असतं,” ते म्हणाले.

“अंदाज नको. निळा दिसतोय का लाल?”

“निळा मला कळतो,” काका पडेल आवाजात म्हणाले. “लाल आणि हिरवं कळत नाही. जन्मापासून.”

काकू मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या. दुसऱ्या टोकाला काका टेकले. काकांना वाटलं, आता त्या झाडासाठी रडतील. दादासाठी रडतील. त्यांनी सगळं भराभर सांगून टाकलं: उजळ काड्या, मळकट पानं, फोनवरचं शाबास, हेडबाई, ताई, नर्सरीवाला, मोडलेली काडी. काकू ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. त्या झाडाकडे बघतच नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या.

“आपण पहिल्यांदा भेटलो,” शेवटी त्या म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होता?”

“मी?”

“तासभर तोंडातून शब्द नाही. आणि उठता उठता म्हणालात, हा लाल रंग तुम्हाला फार शोभतो.”

काकांना आठवलं. आयुष्यातलं एकुलतं एक धाडस होतं ते. “मग? शोभत होताच.”

“मी हिरवा स्वेटर घातला होता.”

गळक्या नळाचं पाणी टपटपत होतं. काकांना ते बंद करायला उठावंसं वाटलं, पण उठवेना.

“मी घरी येऊन दादाला विचारलं, माणूस वेडा आहे का रे?” काकू म्हणाल्या. “दादा म्हणाला, वेडा कसला, रंगाच्या दुकानात आहे, रंगातलं त्याला कळतं. तू लाल घालावंस असं सुचवायचं असेल, लाजरा आहे म्हणून आडून बोलला. तेव्हापासून मी लाल घालतेय. अठ्ठावीस वर्षं! पडदे लाल आणले, सोफा लाल केला, फाटक लाल करून घेतलं. तुम्ही आपले दरवेळी ‘छान आहे’ म्हणायचात. मला वाटायचं, खूश आहे माणूस.”

“मला वाटायचं, तुला आवडतो.”

“मला?” काकूंचा आवाज चढला. “मला तो रंग डोळ्यांत खुपतो! त्या पडद्यांनी माझं डोकं दुखतं. कपाळाला बाम चोळून झोपते मी. आणि हे झाड. दादाने हिरवं करायला घेतलं होतं माझ्यासाठी. मीच म्हटलं, लाल बांध. ह्यांना लाल आवडतो.”

आता मात्र त्या रडल्या. काकांनी हात पुढे केला, तर तो रंगाने बरबटलेला. त्यांनी तो मागे घेतला. कोणाची समजूत घालायला त्यांना आजवर कधी जमलं नव्हतं, आणि आज तर अपराधीच ते होते. आपण दादाचं झाड मारलं ते मारलंच, पण ते मुळात आपल्यासाठी उभं होतं, आणि आपल्याला ते कधी दिसलंच नाही, एवढं त्यांना कळलं. ते कळल्यावर त्यांनाही रडू आलं, आणि दोघं एकाच पायरीवर दोन टोकांना बसून रडू लागली.

अशा वेळी भिंतीवर हेडबाईंचं डोकं उगवलं.

“आलात का काकू? झाडाचं बघितलंत ना? मी ह्यांना तेव्हाच सांगितलं होतं, पण ऐकतील तर शपथ! चांगलं लालचं हिरवं करून ठेवलंय.”

काकूंनी पदराने नव्हे, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“कुठे हिरवं आहे?”

“अहो, हे काय समोर!”

“लाल आहे ते,” काकू म्हणाल्या. “अगदी लालभडक. ह्यांची तीस वर्षं रंगात गेलीत, ह्यांना कळायचं नाही का?”

हेडबाईंनी झाडाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा झाडाकडे पाहिलं. मग एक शब्द न बोलता त्या खाली उतरल्या. त्या आठवड्यात त्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे डोळे तपासून आल्या असं ऐकण्यात आलं.

काकू बादली आणि फडकं घेऊन आल्या. रंगाने पानांची घुसमट होईल म्हणून त्यांनी एकेक पान धुवायला घेतलं. काका पाण्याचा मग धरून शेजारी उभे राहिले. पानांच्या सातही बोटांवरून रंग निघत होता, खाली माती हिरवी होत होती, आणि काकूंनी ती अडकलेली माशीसुद्धा अलगद सोडवून बाजूला ठेवली. ती उडाली नाही.

“एक विचारू?” काका म्हणाले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण उत्तरातून रंगांचा विषय निघाला असता. “तुला कुठला रंग आवडतो?”

काकूंचा हात पानावर थांबला.

“हिरवा?” काकांनी भीत भीत सुचवलं. “त्या दिवशी तू...”

“तो स्वेटर वहिनीचा होता. मला काखेत दाटायचा.” त्यांनी बादलीत फडकं पिळलं आणि पाण्याकडे बघत त्या बराच वेळ आठवत राहिल्या. “होता एक,” त्या म्हणाल्या. “आता नाही आठवत.”

काकांनी मान खाली घातली.

“आठवला की सांगते,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पान धरलं. “नंबरासकट.”